रस्त्यात गाडी मोडली तर
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञान आणि आपण'. मी तो बदलून मागितला. कारण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला महिनाभर आपण एकच गोष्ट बोलत होतो : येणार कुठून? कशेडीतून की कोल्हापूरवरून? आंबा घाटाने की मलकापूर, अणुस्कुरा, पाचल, ओणी असं? आज सकाळी नाश्त्याच्या रांगेतही प्रत्येकाने आधी रस्त्याची चौकशी केली आणि मग एकमेकांच्या मुलाबाळांची. तेव्हा ज्या विषयावर सगळे आधीच बोलत आहेत, त्यावरच नीट बोलावं असं ठरवलं. रस्त्याच्या कामात गाडी मोडली तर काय करायचं, एवढाच माझा विषय आहे.

राजापूरला रस्ता हा विषय नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली ती बंदर होतं म्हणून, आणि बंदराला माल यायचा तो अणुस्कुऱ्याच्या वाटेने, बैलांच्या पाठीवरून. आपण शाळेत होतो तेव्हा एसटी स्टँडवरून जाणारा हायवे १७ नंबरचा होता. आपली दहावी आणि कोकण रेल्वे साधारण एकाच वेळच्या. २६ जानेवारी १९९८ला रेल्वेमार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा वाटलं, आता सुटलो. पण राजापूर रोड स्टेशन गावापासून किती लांब आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि गणपतीत तिकीट किती मिनिटांत संपतं तेही माहीत आहे. शेवटी हायवेच. त्याचा नंबर १७चा ६६ झाला. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं, त्याखालच्या टप्प्यांची कामं नंतर निघाली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता पदवी घेऊन नोकरीला लागली आहेत.

मी केवळ नावं ठेवायला उभी नाही. अर्जुनेवरचा नवा उंच पूल बघून मलाही बरं वाटतं. कशेडीच्या बोगद्याने घाट चढायचा वाचवला. जिथे काँक्रीटचे चारही पदर पूर्ण झालेत तिथे गाडी सुरेख चालते. आणि धोका नेमका तिथेच आहे. सलग दहा किलोमीटर सुरेख रस्ता मिळाला की पाय सैल होतो, आणि अकराव्या किलोमीटरला 'काम चालू, रस्ता बंद' असा बाण डावीकडे दाखवतो. पूर्ण वाईट रस्ता माणसाला सावध ठेवतो, अर्धवट झालेला रस्ता ठेवत नाही.

रस्त्याचं काम कसं करावं याचे नियम नाहीत असं समजू नका. भारतीय रस्ते काँग्रेसची कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी एसपी ५५ नावाची मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिची सुधारित आवृत्ती २०१४ची. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग केले आहेत : आधी इशारा देण्याचा पट्टा, मग वाहतूक हळूहळू बाजूला वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा, आणि शेवटी गाड्यांना पुन्हा मूळ रस्त्यावर आणण्याचा. आपल्याकडे पुष्कळदा पहिला भाग पावसात आडवा झालेला असतो आणि चौथा कोणाच्या लक्षातच नसतो. नवं काँक्रीट उंच, जुना डांबरी रस्ता खाली, आणि दोन्हींच्या मध्ये पायरी. तिच्यावर जांभ्याचा लाल चिखल बसला की रात्री पायरी दिसतच नाही.

आता थोडं गणित. आपल्या साध्या हॅचबॅक गाड्यांच्या पोटाखाली जमिनीपासून सुमारे १७ सेंटिमीटर जागा असते. हा आकडा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं, मखर, तांदूळ, नारळ आणि आईच्या चार पिशव्या भरल्या की त्यातले दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात. मग गाडीच्या पोटाशी जे सगळ्यांत खाली असतं ते आपटतं. बहुतेक गाड्यांत ते असतं इंजिन ऑइलचं भांडं, मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या बाबतीत हेच झालं. गाडीत मी, नवरा, मुलगी आणि आई. पाऊस होता, वेग वीसच्या आत होता. डायव्हर्जन संपवून मूळ रस्त्यावर चढताना खालून धाडकन आवाज आला. पन्नास मीटर गेलो असू, तोच डॅशबोर्डवर तेलाच्या कॅनचा लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मागून आलेल्या दोन गाड्या थांबल्या. कोकणात गाडी बंद पडली की माणसं थांबतात, ही या रस्त्याची सगळ्यांत चांगली गोष्ट. पण दोघांचा सल्ला एकच होता : 'मॅडम, चालेल. पुढे पंधरा किलोमीटरवर गॅरेज आहे, हळूहळू न्या.' आईलाही तेच वाटत होतं. तिला साखरेचा त्रास, रात्रीचं इंजेक्शन घ्यायचं होतं, जेवण व्हायचं होतं. एवढ्यात शेजारच्या टपरीतले एक वयस्कर गृहस्थ छत्री घेऊन आले, वाकून खाली टॉर्च मारला आणि म्हणाले, 'बाय, चालू करू नको हां. सगळं त्याल खाली येतंय.'

नववीत घर्षणाचा धडा होता, आठवतो? घर्षण कमी करण्याचे उपाय लिहा. आपण सगळ्यांनी 'वंगण वापरणे' लिहून मार्क मिळवले. इंजिनात तेच वंगण पंपाने दाबाखाली फिरत असतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो आणि तो आहे तोवर धातू धातूला लागत नाही. चेंबर फुटला, पंपाला तेल मिळेना झालं की तो थर जातो, आणि गाडी कितीही हळू चालवली तरी इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. चेंबर बदलायला काही हजार लागतात. जाम झालेलं इंजिन लाखाच्या घरात जातं. म्हणून पंधरा किलोमीटर तर सोडाच, दीड किलोमीटरही नाही.

आईचं इंजेक्शन आणि जेवण त्या टपरीतल्या बाकावर झालं. टपरीवाल्या काकांनी भात-आमटी घरून आणली. पैसे घेतले नाहीत.

आता कागद-पेन असेल तर काढा, सर सांगायचे तसं.

आपटल्याचा आवाज आला की सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि गाडीखाली बघा. काळं-तपकिरी बुळबुळीत गळत असेल तर ते इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळसर पाणी असेल तर रेडिएटरचं कूलंट. तापमानाचा काटा चढत असेल तर तिथेही इंजिन बंद करायचं, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. एसी चालू असताना थोडं साधं पाणी ठिबकतं, त्याला घाबरू नका. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हा नियम जवळपास सगळ्या गाड्यांत सारखा आहे.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. तो टायर हवा धरून असला तरी काढायचा. स्टेअरिंग थरथरत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर रिम वाकली असेल नाहीतर अलाइनमेंट गेली असेल. सीएनजीवाल्यांनो, वास आला तर इंजिन बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि माणसं गाडीपासून लांब. आणि गणपतीत सामानाला जागा व्हावी म्हणून स्टेपनी डोंबिवलीच्या गॅलरीत ठेवून येऊ नका. इथे हसणाऱ्यांपैकी किमान तिघांनी ती ठेवली आहे, मला माहीत आहे. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पोटाखालीच असते. मोठा मार बसला असेल तर तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. ऑटोमॅटिक गिअरची गाडी दोर बांधून ओढू नका, पूर्ण गाडी वर चढवणारी टोइंग व्हॅनच मागवा. अर्जुना-कोदवलीला पूर आला की जवाहर चौकात काय होतं ते आपण लहानपणापासून बघतोय. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतले भाग वाकतात.

पण या सगळ्याच्या आधी माणसं. चारी इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं रस्त्यापासून दूर. गाडीच्या मागे उभं राहून फोन करायचा नाही. राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३, जिवाचा प्रश्न असेल तर ११२.

आता विमा. यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीही मिळत नाही. कायद्याने सक्तीचा तेवढाच आहे, म्हणून पुष्कळ जुन्या गाड्यांना तेवढाच असतो. दुसरी, पूर्ण विमा असला तरी साध्या पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते, काचेची पूर्ण मिळते, आणि एकटा टायर फुटला, गाडीला बाकी काही झालं नाही, तर टायरचं काही मिळत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मार बसल्यानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे आणखी नुकसान झालं, तर ते आपल्या जोखमीवर, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. 'चालेल, हळूहळू न्या' हा सल्ला लाखाचा पडतो तो इथे. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेता येतं, पण ते घेतलंय का हे आज घरी गेल्यावर बघा, हायवेवर नव्हे.

दावा करावा की नाही, याचंही एक सोपं गणित आहे. समजा, तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि पाच वर्षं दावा न केल्यामुळे ५० टक्के बोनस मिळतोय. म्हणजे तुम्ही ६,००० भरता. दावा केलात की बोनस शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा टक्क्यांनी चढत पुन्हा ५०वर जातो. या पाच वर्षांत तुमचा तोटा अनुक्रमे ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये. बेरीज १५,०००. म्हणजे मूळ हप्त्याच्या सव्वापट. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. शिवाय दर दाव्यात पहिले हजार किंवा दोन हजार आपलेच असतात. तेव्हा खर्च याहून कमी असेल तर खिशातून भरा. आमचं बिल अकरा हजारांच्या आसपास झालं आणि आम्ही दावा केला नाही. तरी फोटो मात्र सगळे काढले होते.

ते फोटो का, हे सांगते. माझ्या कामात सॉफ्टवेअर बंद पडलं की पहिला नियम असतो : दुरुस्त करण्याआधी नोंद ठेवा. कुठे, केव्हा, काय होतं. नोंद नसली की तीच चूक पुन्हा होते, दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला. आम्ही त्या पायरीजवळ पाण्याची एक लिटरची बाटली उभी ठेवून फोटो काढला. काँक्रीटची कड बाटलीच्या पाऊण उंचीपर्यंत आली होती. म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, गाडीखाली जागा १७. जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो, कामाच्या माहितीफलकाचा फोटो, फोनवरचं अचूक ठिकाण, वेळ. फलक बघायलाच हवा, कारण हा हायवे एकाच्या हातात नाही. वेगवेगळे टप्पे, वेगवेगळे ठेकेदार. कोणाकडे तक्रार करायची ते त्या फलकावरूनच कळतं.

आणि फोटो काढत असतानाच एका मोटारसायकलवरून दोन मुलं आली. पायरीच्या दिशेने, सरळ. नवऱ्याने टॉर्च हलवला, मुलगी ओरडली, म्हणून ती वाचली. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं की ज्या कडेने आमचा चेंबर फुटला, ती कड दुचाकीवाल्याला खाली फेकते. आमचा प्रश्न अकरा हजारांचा होता. त्याचा नाही.

कायदाही हा फरक करतो, जरा वेगळ्या पद्धतीने. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. दोन्ही चांगलंच आहे. पण दोन्ही माणूस पडल्यावर लागू होतात. पडण्याआधी जे होऊ शकतं, ते त्या जागेवर आधी अडकलेल्या माणसाने केलेल्या तक्रारीतून होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी तक्रार केली, फोटो जोडून. पैसे मागितले नाहीत. मागणी दोनच होत्या : कडेला खडी टाकून उतार करा आणि परावर्तक पट्टीची पिंपं ठेवा. तक्रारीचा नंबर मिळाला. गौरी-गणपतीचं विसर्जन करून परतताना टपरीवर थांबलो. खडी पडली होती, पिंपं उभी होती. काकांनी सांगितलं, तुम्ही गेल्यापासून सातव्या दिवशी काम झालं. आणि सांगितलं की पाचव्या दिवशी तिथे एक मुलगा स्कूटरवरून पडला, हात मोडला, कणकवलीला नेला.

ते पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. उताराला लागली होती अर्धा ट्रक खडी.

आपल्या राजापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा त्यात गेलेल्या दोन एसट्यांपैकी एक राजापूर-बोरिवली होती. त्या गाडीने आपल्यातले किती जण कितीदा गेले आहेत! पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल उभा राहिला, १६५ दिवसांत. म्हणजे मनात आणलं तर काम होतं. पण त्या रात्रीची मला आठवणारी दुसरी बातमी अशी, की पुलाजवळच्या एका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाने पूल गेल्याचं ओळखलं, पोलिसांना कळवलं आणि येणाऱ्या गाड्या अडवल्या. त्याच्याकडे ना अधिकार होता, ना फलक. तो तिथे होता आणि त्याने पुढच्या माणसाचा विचार केला.

मग आता आपण काय करायचं? आपल्या वर्गाकडे एकदा नकाशावर ठेवून बघा. पनवेलला तिघं आहेत, माणगावला एक, चिपळूणला दोन डॉक्टर, संगमेश्वरला एक शिक्षिका, हातखंब्याजवळ हॉटेल चालवणारा एक, लांज्याला गॅरेजवाला, राजापुरात तर निम्मा वर्ग, खारेपाटणला औषधाचं दुकान, कणकवलीला वकील. हायवेवर गाडी बंद पडली तर बहुतेक ठिकाणी जवळपास आपलं कोणीतरी आहे. आपण ग्रुपवर रोज सकाळी फुलं पाठवतो. त्याऐवजी एक यादी करूया. नाव, ठिकाण, रात्री फोन उचलणार का, आणि काय मदत करू शकतो. जवळचा मेकॅनिक, टोइंगवाला, दवाखाना. ती यादी मी तयार करते, तेवढं तंत्रज्ञान मला येतं. म्हणजे आयोजकांचा विषयही थोडा पूर्ण होईल.

आणि दुसरं, जे हायवेच्या कडेला राहतात त्यांच्यासाठी. पावसाळ्याआधी आणि गणपतीआधी आपापल्या दहा किलोमीटरमधली कड, उघडी सळई, पडलेला फलक, यांचे बाटली ठेवून फोटो काढा. ग्रुपवर टाका. तक्रार लिहायचं काम मुंबई-पुण्यात बसलेल्या आम्हा लोकांचं. प्रत्येक तक्रारीचा नंबर ग्रुपवर, आणि काम होईपर्यंत दर दोन दिवसांनी विचारणा. सात दिवसांचे चार झाले तरी एखादा हात वाचेल.

बाहेर नोंदवहीच्या शेजारी एक कोरी वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी तिच्यात नाव लिहा. सर, बाई, तुम्हीही लिहा. तुमची मुलं हा रस्ता रोज वापरतात.